पक्ष काढायचा का? धुळ्याच्या एका लहान लाल पक्षाची हकिगत



गेल्या तीन-चार बैठकांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. जमिनीचे दावे, जातीचे दाखले, घराखालची जागा हे सगळे बोलून झाले की कोणीतरी उठतो आणि विचारतो, "पक्ष नाय तर आमका इचारता कोण?" त्यावर दुसरा म्हणतो, "पन्नास मतांचो पक्ष काढून काय करतलास?" मग दोन्हीकडून आवाज चढतात आणि रात्र झाली म्हणून बैठक मोडते. तिसरेही एक मत आहे. निवडणूक जवळ आली की मोठ्या पक्षांचे लोक वाडीवर येतात आणि म्हणतात, तुम्ही सगळे आमच्यात या, एकाला पद देऊ, रस्ता करून देऊ, वेगळी संघटना कशाला हवी? हेही आपल्यातल्या काहींना पटते. पटणाऱ्याला आम्ही नावे ठेवत नाही. पावसात ज्याला चिखलातून आजारी माणूस डोलीत न्यावा लागतो, त्याला रस्त्याची किंमत कळते.

पुढच्या बैठकीत यावर एकदाचा निर्णय घ्यायचा आहे. निर्णय घेण्याआधी, ज्यांनी लहान पक्ष काढून पाहिला त्यांचे काय झाले ते आपल्याला माहीत असले पाहिजे. म्हणून या अंकात सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाची हकिगत देत आहोत. हा पक्ष १९७८ साली धुळ्याला निघाला. आपल्याकडे बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नसेल. पण तो ज्यांच्यात वाढला ते लोक आपल्यासारखेच. भिल्ल, कोकणा, मावची. जंगलजमीन कसणारे, सावकाराला जमीन गमावलेले, कागदावर नाव नसलेले.

आधी आपल्या कोकणातले

धुळ्याला जाण्याआधी कोकणातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण लहान पक्ष आपल्या मुलखाला नवा नाही. इथे खोतांचे राज्य होते. शेत कसायचे कुळाने आणि धान्य मोजून न्यायचे खोताने. वर वेठ निराळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. त्यात कम्युनिस्टही होते. या पक्षाच्या तिकिटावर रत्नागिरी जिल्ह्यातून शामराव परुळेकर निवडून गेले होते. तेव्हा आपले मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. हेच शामराव पुढे कम्युनिस्ट झाले आणि १९४५ साली गोदावरी परुळेकरांबरोबर ठाणे जिल्ह्यात वारल्यांची वेठबिगार मोडायला उभे राहिले.

स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढे काय झाले? १९४२ साली त्याची जागा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने घेतली. म्हणजे सहा वर्षांत पक्ष मिटला. पण खोती मोडण्याची मागणी मिटली नाही. १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, तेव्हा ज्या पक्षाने बिल मांडले तो पक्ष अस्तित्वातच नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खोती गेली, कूळकायदा आला, तेव्हा ज्याचे नाव कुळाच्या नोंदीत होते त्याला जमीन मिळाली. कातकऱ्याचे नाव कोणत्या नोंदीत होते? कोळशाची भट्टी लावणारा, बाग राखणारा, खाडीत मासे धरणारा माणूस कोणाचेच कूळ नव्हता. धामापूरचा तलाव १५३० साली नागेश देसाई या मांडलिकाने बांधवून घेतला, हे सगळीकडे लिहिलेले आहे. ज्यांनी माती उपसली त्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. आपल्या मुलखात नोंद कोणाची राहते आणि कोणाची राहत नाही, हा जुना हिशोब आहे. धुळ्याच्या पक्षाने नेमका याच हिशोबावर बोट ठेवले.

शरद पाटील आणि धुळ्याचे आदिवासी

या पक्षाचे संस्थापक कॉम्रेड शरद पाटील. जन्म १९२५, धुळे. शेतकरी घरातले. चित्रकला शिकायला गेले आणि ते सोडून विशीतच कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले. धुळे जिल्ह्यात शेतकरी आणि आदिवासी यांच्यात त्यांचे काम होते. तेव्हा नंदुरबारही धुळे जिल्ह्यात होते. तो जिल्हा १९९८ साली वेगळा झाला.

त्या मुलखात काय चालले होते ते थोडक्यात सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याला काळी जमीन आहे. ती मूळची भिल्लांची. पण दारूची उधारी, लग्नाचे कर्ज, दुष्काळातले धान्य अशा वाटांनी ती जमीन सावकारांच्या आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या नावावर गेली. ज्याची जमीन तोच तिच्यावर सालदार झाला. १९७१-७२ पासून शहाद्याकडे अंबरसिंग महाराज आणि त्यांच्याबरोबर आलेली शहरातली शिकलेली मुले यांनी भूमिमुक्तीची चळवळ उभी केली. १९७२ साली तिथे श्रमिक संघटना झाली. लोकांनी गेलेल्या जमिनीत नांगर घातला. त्यानंतर १९७४ साली सरकारने आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीच्या हाती गेलेली जमीन मूळ मालकाला परत मिळावी, असा तो कायदा. लोक आधी शेतात उतरले आणि कायदा मागून आला.

शरद पाटील हे सगळे जवळून पाहत होते. त्यांना एक गोष्ट खटकत होती. पक्षाच्या पुस्तकात दोनच माणसे होती, मालक आणि मजूर. पण शेतावर पाहिले तर मजूर बहुतेक भिल्ल आणि महार, आणि मालक ठरावीक जातींचे. हे असेच का आहे, याचे उत्तर पुस्तकात नव्हते. पक्षातले मोठे लोक म्हणत, आधी वर्गाची लढाई जिंकू, मग जात आपोआप जाईल. शरद पाटील म्हणत, जात ही जमिनीच्या मालकीतच मुरलेली आहे, तिच्याशी वेगळी लढाई केल्याशिवाय ती जाणार नाही.

१९७८

१९७८ हे साल महाराष्ट्रात फार तापलेले होते. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरे जाळली. घरे जाळणाऱ्यांत गरीब शेतकरीही होते. कष्टकऱ्यानेच कष्टकऱ्याचे घर जाळले. आता याला काय म्हणायचे? मालक-मजुराच्या हिशोबात हे कुठे बसवायचे?

त्याच वर्षी शरद पाटील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. नावातच सगळी भूमिका आहे. 'सत्यशोधक' हा शब्द महात्मा फुल्यांचा. त्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला होता. 'कम्युनिस्ट' हा शब्द मार्क्सचा. पक्षाच्या विचाराला शरद पाटलांनी मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवाद असे नाव दिले. पोटाची लढाई आणि जातीची लढाई एकाच वेळी, एकाच माणसांनी लढायची, हा त्याचा अर्थ. लांबलचक नावाला आपण हसू, पण त्या काळी लाल झेंड्याच्या पक्षात फुले आणि आंबेडकर यांची नावे अशी बरोबरीने लावणे मोठे धाडस होते.

नामांतराच्या लढ्यात हा पक्ष उतरला आणि धुळ्याकडचे आदिवासीही त्यात उतरले. विचार करा. विद्यापीठ कुठे औरंगाबादला, प्रश्न दलितांचा, आणि पाड्यावरचा भिल्ल, ज्याचे पोर शाळेतही जात नाही, तो त्यासाठी घर सोडून निघतो. दुसऱ्याच्या अपमानासाठी बाहेर पडणे हे ते लोक या लहान पक्षात शिकले. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. मधे १६ वर्षे गेली.

जात आणि पोट म्हणजे काय, आपल्या भाषेत

पक्षाचा विचार अवघड शब्दांत लिहिलेला आहे. पण आपण तो आपल्या खाणीवर नेऊन बघू या. चिऱ्याच्या खाणीवर दोन मजूर काम करतात. मजुरी एकच, घाम एकच. पहिला गावातल्या जुन्या घराण्यातला गरीब माणूस. त्याच्याकडे गुंठाभर का होईना गावठाणात घर आहे, घरपट्टी आहे, देवळात मान नसला तरी जागा आहे. दुसरा कातकरी. त्याची झोपडी बागायतदाराच्या जमिनीत. बागायतदार म्हणाला उठ, की उठायचे. मजुरीसाठी तोंड उघडले तर पहिल्याचे काम जाते. दुसऱ्याचे काम जाते आणि घरही जाते.

आता मजुरी वाढवण्यासाठी दोघांची संघटना झाली पाहिजे, यात वाद नाही. पण संघटनेने नुसती मजुरी मागितली तर दुसऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. आणि दुसऱ्याने नुसता जातीचा दाखला आणि घराची जागा मागितली, पहिल्याला सोडून, तर खाणमालक दोघांनाही खेळवतो. सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष म्हणत होता ते एवढेच. दोन्ही मागण्या एका कागदावर लिहा. वर कोणती आणि खाली कोणती यावर भांडत बसू नका.

शरद पाटलांनी यासाठी जुन्या पोथ्या उलगडल्या. वयाच्या चाळिशीत बडोद्याला जाऊन संस्कृत व्याकरण शिकले. कशासाठी? आपल्याला ज्या गोष्टी राक्षसांच्या म्हणून सांगतात, त्या मुळात कोणाच्या हे शोधण्यासाठी. त्यांचे म्हणणे असे की शूर्पणखा, ताटका या राक्षसिणी म्हणून रंगवल्या, पण त्या जंगलातल्या गणांच्या राण्या होत्या, जिथे बाईची सत्ता होती आणि जमीन सगळ्यांची मिळून होती. १९८२ साली त्यांचे 'दासशूद्रांची गुलामगिरी' हे पुस्तक आले. 'सत्यशोधक मार्क्सवादी' नावाचे नियतकालिक ते काढत. त्यांचे सगळे निष्कर्ष सगळ्या अभ्यासकांना मान्य नाहीत. तो वाद अभ्यासक घालोत. पण जंगलातल्या माणसाला इतिहास असतो, आणि तो इतिहास जमिनीचा असतो, हे एका पक्षाने आपला कार्यक्रम म्हणून लिहिले, याचे मोल आपल्याला कळले पाहिजे.

पक्ष वाढला का?

नाही. निवडणुकीच्या मापाने हा पक्ष लहानच राहिला. राज्यभर पसरला नाही. त्याची कारणे आम्हाला दिसतात ती अशी.

पहिले कारण, पक्ष एका माणसाच्या अभ्यासावर उभा होता. शरद पाटील लिहीत आणि बाकीचे वाचत. पुढे त्यांचा विचार बौद्ध तत्त्वज्ञानाकडे गेला आणि त्यांनी सौत्रांतिक मार्क्सवाद नावाची मांडणी केली. ती पाड्यावरच्या माणसापर्यंत पोचणे कठीण होते. आमच्यातले जे बारावीपर्यंत शिकलेत त्यांनाही ती दहा पाने वाचायला रात्र लागते. जो विचार वाडीत बोलता येत नाही तो वाडीत टिकत नाही.

दुसरे कारण, बोलणारे कोण आणि ऐकणारे कोण, हा प्रश्न. तो फक्त या पक्षाचा नाही. शहाद्याच्या चळवळीतून आलेले भिल्ल कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता आहे. आपल्या दुःखावर दुसरेच लोक व्यासपीठावरून बोलतात आणि आपण खाली बसून ऐकतो, हे त्यांनी त्यात मांडले. पालघरकडे काळूराम धोदडे यांनी १९७० नंतर भूमीसेना उभी केली तीही याच अनुभवातून. आदिवासींची संघटना आदिवासींनीच चालवायची, बाहेरच्याने मदत करावी पण लगाम धरू नये, हे भूमीसेनेचे म्हणणे होते.

तिसरे कारण मतांच्या हिशोबाचे आहे, आणि ते आपल्याला फार लागू पडते. त्यासाठी थोडे दूर, युरोपात जाऊ.

डेन्मार्कचा हिशोब

डेन्मार्क हा लहान देश. तिथेही डाव्या पक्षांची फाटाफूट आपल्यासारखीच झाली. १९५८ साली तिथल्या कम्युनिस्ट पक्षाने आपल्याच अध्यक्षाला, आक्सेल लार्सनला, काढून टाकले. त्याने पुढच्या वर्षी वेगळा पक्ष काढला. १९६७ साली त्या पक्षातूनही एक गट फुटला आणि त्याचा आणखी एक पक्ष झाला. असे करत करत अनेक चिमुकले लाल पक्ष झाले. १९८९ साली त्यातल्या तीन पक्षांनी मिळून निवडणुकीसाठी एकच यादी केली. प्रत्येकाने आपला पक्ष ठेवला पण मतपत्रिकेवर एक नाव लावले. १९९४ साली त्यांचे सहा लोक संसदेत गेले.

हे तिथे जमले, कारण तिथला नियम वेगळा आहे. देशभरात मिळून शंभरातली दोन मते मिळाली तरी त्या प्रमाणात जागा मिळतात. मते इथे चार, तिथे पाच अशी विखुरलेली असली तरी ती एकत्र मोजली जातात. आपल्याकडे तसे नाही. एका मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मते तो निवडून येतो, बाकीच्यांची मते वाया जातात. आपल्या वाड्या कशा आहेत? कुठे आठ घरे, कुठे पंधरा, मालवणात थोडी, कुडाळात थोडी, कणकवलीत थोडी. त्यातली काही माणसे दिवाळीनंतर कोळशाच्या नाही तर विटांच्या भट्टीवर जातात ती पावसाला परत येतात. सगळी मते पडली तरी एका ठिकाणी ती कमीच राहणार. डेन्मार्कमध्ये जी युक्ती चालली ती आपल्याकडे मतपेटीवर चालत नाही. पण वेगवेगळे राहून एका मागणीपुरते एकत्र येणे, ही गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे.

मग लहान पक्षाने काय मिळवले?

शरद पाटील १२ एप्रिल २०१४ ला वारले. त्यांच्या पक्षाला कधी मंत्रिपद मिळाले नाही. पण १९७८ साली ते जे बोलले म्हणून एकटे पडले, ते आज जवळजवळ सगळे डावे पक्ष बोलतात. जातीचा प्रश्न बाजूला ठेवून कष्टकऱ्यांची एकजूट होत नाही, हे आज कोणी नाकारत नाही. लाल आणि निळा झेंडा एका मोर्चात दिसतो. सत्यशोधक हे नाव लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि ग्रामीण कष्टकऱ्यांच्या संघटना धुळे-नंदुरबारकडे वनहक्कासाठी उभ्या राहिल्या. पक्ष लहान राहिला आणि त्याचा प्रश्न मोठा झाला. खोतीच्या बिलाचे झाले तसेच.

यावरून आम्हाला एक गोष्ट दिसते. लहान पक्ष लहान असल्यामुळे वाया जात नाही. तो वाया जातो तो दोन कारणांनी. आपला प्रश्न सोडून मोठ्याच्या पंगतीला जाऊन बसला तर, किंवा आपल्या माणसांना प्रश्न स्वतः चालवायला शिकवले नाही तर. पंगतीला बसलेल्याला वाढपी काय वाढील ते खावे लागते.

आमचे मत

म्हणून आमचे मत असे आहे की आज आपण पक्ष काढू नये. आणि कोणाच्या पक्षात विरूनही जाऊ नये. ज्याला ज्या पक्षाला मत द्यायचे ते त्याने द्यावे, तो त्याचा हक्क आहे. पण संघटना विकायची नाही, पदासाठीही नाही आणि रस्त्यासाठीही नाही. रस्ता हा आपला हक्क आहे, तो मागून घेऊ.

आपली लढाई आज जिथे आहे ती जागा ग्रामसभेची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्याची पहिली पायरी ग्रामसभेला दिली. दावा ग्रामसभेने नेमलेल्या वनहक्क समितीकडे जातो. समिती जागेवर जाऊन पाहते, ग्रामसभा ठराव करते, मग तो उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी माणूस जी वनजमीन कसत असेल ती चार हेक्टरपर्यंत त्याच्या हक्काची होते. आणि नीट ऐका, पुरावा म्हणजे फक्त कागद नव्हे. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हा पुरावा आहे. जुनी विहीर, बांध, थडगी, देवाची जागा हे पुरावे आहेत. निदान दोन प्रकारचे पुरावे जोडायचे आहेत. ज्याच्या पूर्वजांची नावे कुठे लिहिली गेली नाहीत त्याच्यासाठी कायद्यात ही जागा आहे. ती जागा कुणी मेहरबानीने ठेवलेली नाही. वारली, भिल्ल, गोंड आणि देशभरच्या आदिवासींनी पन्नास-साठ वर्षे मोर्चे काढले तेव्हा ती आली.

कातकरी ही आदिम जमात म्हणून सरकारने नोंदलेली आहे. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. अशा जमातींसाठी या कायद्यात राहण्या-फिरण्याच्या मुलखावरचा वेगळा हक्क आहे. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवायचे आहे.

पण ग्रामसभेत एक अडचण आहे ती लपवून चालणार नाही. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायदा आपल्याला लागू नाही. ग्रामसभेत आपण थोडे असतो. हात वर करायची वेळ आली की मागे राहतो. इथेच धुळ्याच्या त्या पक्षाची शिकवण कामाला येते. गावात जमिनीवाचून कोण कोण आहे ते पाहा. दलित वाडी आहे, धनगर वाडी आहे. घरातल्या बायका आहेत, ज्यांचे नाव सातबारावर नसते. वनसंज्ञेखाली ज्यांची जमीन अडकली आहे ते शेतकरी आहेत. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या लोकांचा कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला होता, तोही नोंदीचाच प्रश्न. या सगळ्यांचे प्रश्न एक नाहीत, पण मूळ एक आहे. नोंद कोणाच्या नावाने होते, हे ते मूळ आहे. या लोकांच्या मागणीसाठी आपण हात वर केला तर ते आपल्यासाठी करतील. पाड्यावरचा भिल्ल विद्यापीठाच्या नावासाठी निघाला होता, हे आठवा.

म्हणून बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

एक. प्रत्येक वाडीतून दोन माणसे, त्यात एक बाई, यांनी दाव्याचा कागद स्वतः वाचायला आणि भरायला शिकायचे. शिकवण्याचे काम आमच्यातले शिकलेले करतील. पण सहा महिन्यांनी वाडीच्या माणसानेच दुसऱ्या वाडीला शिकवायचे. एका माणसाच्या डोक्यावर संघटना ठेवायची नाही. बाहेरचा वक्ता आला तर त्याने शेवटी बोलावे, आधी वाडी बोलेल.

दोन. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांचे जबाब या उन्हाळ्यात लिहून घ्यायचे. कोणाची शेती कुठे होती, पाणी कुठून भरत, मेलेल्यांना कुठे पुरत, हे सगळे. दर पावसाळ्यात एखाद-दुसरा म्हातारा जातो आणि त्याच्याबरोबर पुरावा जातो. हे काम थांबणारे नाही.

तीन. ज्या गावात दलित, धनगर किंवा कुळांची मागणी ग्रामसभेपुढे असेल तिथे आपल्या सगळ्यांनी जायचे, भट्टीवर असलो तरी एक दिवस सोडून यायचे. मजुरी बुडेल. ती बुडेल हे धरूनच हा निर्णय घ्यायचा आहे, कोणाला मागाहून वाईट वाटायला नको.

यातले काही जणांना पटणार नाही. "पन्नास मतांचो पक्ष" म्हणून हसणारे आणि "पक्ष नाय तर कोण इचारता" म्हणणारे, दोघांनीही बैठकीला यावे आणि उभे राहून बोलावे. ज्याला वाटते की पक्ष काढावाच, त्याने मतांचा हिशोब वाडीवार मांडून दाखवावा. तो हिशोब बरोबर निघाला तर आम्ही आमचे मत बदलू. एवढेच मागणे आहे की निर्णय रात्र झाली म्हणून मोडू नये. कंदील जास्तीचा आणू, तेल वर्गणीतून घालू, पण ठराव करूनच उठू.

बैठक पौर्णिमेच्या आदल्या रात्री आहे. येताना जे काही कागद घरात असतील ते घेऊन या. जुनी पावती, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, दंडाची चिठ्ठी, काहीही. वनखात्याने कधी दंड केला असेल तर ती चिठ्ठी फाडू नका. तुम्ही तिथे होता, हे त्यांनीच लिहून दिलेले आहे.

कसेल त्याची जमीन, राखील त्याचे रान!